पोलादाचं पाणी, हाडाची मूठ

कामाच्या टेबलावर दोन वस्तू ठेवल्या आहेत. एक म्हणजे ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा वीतभर तुकडा. गंजानं तांबूस झालेला, कडेला ग्रीसचा काळा थर अजून चिकटलेला. दुसरी म्हणजे म्हशीच्या पायाची नळी. धुऊन, सावलीत वाळवलेली, सायीच्या रंगाची. या दोन वस्तूंपासून घरात रोज वापरता येईल अशी सुरी करायची आहे. पातं चार इंचांचं आणि मूठ साडेचार इंचांची.

पहिल्या नजरेला या दोघांचं काही जुळत नाही. पाटा भट्टीतून आलेला, हाड जिवंत शरीरातून. तरीही माणसानं हजारो वर्षं पात्याला हाडाचीच मूठ बसवली आहे. तुर्कस्तानातल्या चाताल्ह्योयुक या नवाश्मयुगीन वसाहतीत गारगोटीच्या पात्याचा एक खंजीर सापडला, त्याची मूठ हाडात कोरलेली आहे. तेव्हा धातूचं पातं अजून जन्माला यायचं होतं. पुढे तांबं आलं, कांसं आलं, लोखंड आलं. पाती बदलत गेली आणि हाडाची मूठ टिकून राहिली. त्याचं कारण हाडाच्या घडणीत आहे. चांगल्या पोलादाचं जे गुपित, तेच हाडाचंही आहे. ते कळलं की सुरी करण्याच्या कामातली प्रत्येक पायरी त्याच क्रमानं का येते, हेही आपोआप कळतं.

एक हाड शिरक्यात, एक हाड चुलीत

शाळेतला एक सोपा प्रयोग आठवा. कोंबडीच्या तंगडीचं हाड शिरक्यात बुडवून आठवडाभर ठेवायचं. बाहेर काढलं की ते रबरासारखं वाकतं. पातळ असेल तर त्याला चक्क पीळही देता येतो. आता तसंच दुसरं हाड निखाऱ्यांवर पांढरं होईपर्यंत जाळायचं. त्याचा आकार जसाच्या तसा राहतो, पण चिमटीत दाबलं की खडूसारखा चुरा होतो.

पहिल्या हाडातलं खनिज आम्लानं विरघळवलं, उरलं ते कोलॅजन, म्हणजे प्रथिनाचे चिवट तंतू. दुसऱ्यातलं कोलॅजन आगीनं खाल्लं, उरलं ते कॅल्शियम आणि फॉस्फेटचं खनिज. हाडाच्या वजनात साधारण दोन तृतीयांश वाटा या खनिजाचा असतो, उरलेल्यात कोलॅजन आणि पाणी. खनिज कडक असतं पण ठिसूळ, कोलॅजन चिवट असतं पण लवचीक. दोन्ही अगदी सूक्ष्म पातळीवर एकमेकांत विणले गेले की जे तयार होतं ते भार झेलतं, थोडं लवतं आणि सहजासहजी तुटत नाही.

पोलादापुढेही हाच पेच असतो. धार टिकायची तर पातं कडक हवं. कडकपणा वाढवत नेला तर ते काचेसारखं होतं आणि हातातून फरशीवर पडलं की दोन तुकडे. चिवटपणा वाढवला तर पातं वाकेल पण तुटणार नाही, मात्र दोन कांदे चिरले की धार बसेल. या दोन्हींमधला मध्य गाठणं हीच लोहाराची विद्या. हाडात तो मध्य शरीरानं गाठून दिलेला असतो, पोलादात तो माणसाला आगीच्या मदतीनं गाठावा लागतो. आणि जी आग पोलादाला हा मध्य देते, तीच हाडातला मध्य मोडते. सुरी करणाऱ्याला हे एक वाक्य पाठ असावं लागतं, कारण पुढचं सगळं काम त्यावर बेतलेलं आहे.

कोणतं हाड, कुणाचं हाड

बोलताना आपण शिंग, हाड, दात यांची सरमिसळ करतो. मूठ करणाऱ्याला ती परवडत नाही. म्हशीचं किंवा बोकडाचं शिंग म्हणजे केराटिन. नखं आणि केस ज्याचे बनतात तेच. गरम केलं की ते मऊ पडतं, दाबून चपटं करता येतं. सांबराचं किंवा चितळाचं शिंग मात्र खरंखुरं हाड असतं. ते दरवर्षी डोक्यावर उगवतं आणि गळून पडतं. हस्तिदंत म्हणजे दातातलं दंतिन. नळीचं हाड या सगळ्यांहून वेगळं. आत मज्जेची पोकळी, बाहेर घट्ट कवच.

या कवचावर नीट पाहिलं तर बारीक ठिपके आणि रेषा दिसतात. जिवंतपणी त्यांतून रक्तवाहिन्या जात होत्या. क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्यानं १६९१ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना हॅव्हर्सच्या नलिका म्हणतात. या नलिका हाडाच्या लांबीच्या दिशेनं धावतात. म्हणून मुठीची पट्टी नेहमी लांबीच्या दिशेनंच कापायची. आडवी कापलेली पट्टी लाकडाच्या आडव्या तुकड्यासारखी चटकन मोडते. जुन्या वस्तूची मूठ हाडाची की हस्तिदंताची, हेही याच खुणांवरून ओळखतात. हस्तिदंतात हे ठिपके नसतात. त्याच्या आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या कमानदार रेषांची जाळी दिसते.

हाड निवडताना कायद्याची रेषाही स्पष्ट हवी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ सालचा. त्यातल्या १९८६ आणि १९९१ सालच्या दुरुस्त्यांनंतर हस्तिदंताचा व्यापार देशात पूर्ण बंद झाला. सांबराचं जंगलात गळून पडलेलं शिंगसुद्धा उचलून घरी आणता येत नाही, मग त्याची मूठ करणं दूरच राहिलं. एके काळी भारतातून सांबरशिंगं इंग्लंडमधल्या शेफील्डला आणि जर्मनीतल्या झोलिंगनला जात आणि तिथल्या सुऱ्यांच्या मुठींवर बसत. तो व्यापार आता इतिहासजमा झाला आहे. लखनऊमधल्या हस्तिदंत कोरणाऱ्या हातांनी उंटाचं आणि म्हशीचं हाड उचललं. उत्तर प्रदेशातल्या संभळ भागात हाडाचं आणि शिंगाचं काम आजही मोठ्या प्रमाणावर चालतं. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून ती बैल आणि वळू यांनाही लागू आहे. त्यामुळे इथल्या कारागिराच्या हाती येतं ते मुख्यतः म्हशीचं हाड. त्याचं कवच जाड आणि सरळ असतं, मुठीसाठी उत्तम.

भोकं आधी पाडा

आता पाट्याकडे वळू. ट्रकच्या कमानीला लाखो वेळा लवून पुन्हा सरळ व्हायचं असतं, म्हणून तिचं पोलाद मुळातच चिवट असतं. त्यात कार्बनचं प्रमाण साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतं. आपल्याकडचे घिसाडी आणि गावोगावचे लोहार कोयते आणि विळे करायला याच जुन्या पाट्यांकडे वळतात, ते याचसाठी. फक्त एक काळजी घ्यायची. ज्या ठिकाणी पाटा वर्षानुवर्षं लवला तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. म्हणून पाट्याचा टोकाकडचा, कमी ताण सोसलेला भाग घ्यावा.

पहिलं काम तो नरम करण्याचं. भट्टीत लाल करून तो राखेच्या ढिगात पुरून रात्रभर ठेवायचा. राख उष्णता धरून ठेवते, लोखंड हळूहळू निवतं आणि सकाळी कानशीला सहज दाद देतं. मग ऐरणीवर ठोकून पात्याची जाडी पाठीकडे तीन मिलिमीटरवर आणायची. रंग डाळिंबी पडला की थांबायचं आणि पुन्हा भट्टीत घालायचं. थंड होत चाललेल्या लोखंडावर हातोडा मारत राहिलं की आतल्या आत तडे जातात.

पात्याचा मुठीत जाणारा भाग दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे निमुळती शेपटी. विळ्याची अशी शेपटी लोहार लाल करतो आणि लाकडी मुठीत दाबून बसवतो. लाकूड जळत जळत तिला वाट करून देतं आणि पक्कं धरून ठेवतं. हाडाशी हा व्यवहार चालत नाही. लाल शेपटी हाडात घातली की केस जळल्याचा वास येतो, हाड काळं पडतं आणि चिरतं. म्हणून हाडाच्या मुठीसाठी दुसरा प्रकार बरा. मुठीच्या पूर्ण आकाराची सपाट पट्टी पात्याच्याच सलग लोखंडातून ठेवायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना हाडाच्या दोन पट्ट्या बसवायच्या. हात पडतो तो हाडावर, जोर सोसतं ते पोलाद.

याच टप्प्यावर नवखा माणूस चुकतो. मुठीच्या पट्टीत पिना घालण्यासाठी तीन भोकं पाडायची असतात आणि ती आत्ताच, लोखंड नरम असताना पाडायची असतात. एकदा पातं कडक झालं की ड्रिलचं टोक त्यावर फक्त किंचाळतं. पात्याचा आकार आणि धारेकडचा उतार कानशीनं काढून घ्यायचा. धारेची कड मात्र अर्धा मिलिमीटर जाड ठेवायची. आताच कागदासारखी पातळ केली तर पुढच्या आगीत ती वाकेल किंवा जळेल.

पाणी देणं

मराठीत पोलाद कडक करण्याला पाणी देणं म्हणतात. पाणीदार हा शब्द आपण माणसालाही लावतो, तो याच लोहारसाळेतून आलेला वाटतो. पण पाणी म्हणजे नेमकं काय घडतं?

नेहमीच्या तापमानाला लोखंडाचे अणू ज्या मांडणीत बसलेले असतात, तिच्यात कार्बनला जवळपास जागाच नसते. ७२७ अंश सेल्सिअसच्या पुढे मांडणी बदलू लागते, अणूंमधल्या पोकळ्या मोठ्या होतात आणि कार्बन त्यांत शिरून बसतो. आता लोखंड सावकाश निवू दिलं, तर कार्बन पुन्हा बाहेर पडतो आणि धातू नरम राहतो. राखेत पुरून आपण हेच केलं होतं. पण ते एकदम थंड केलं, तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. लोखंडाचे अणू जुन्या मांडणीकडे धावतात, कार्बन मधेच अडकतो आणि सगळी रचना ताणली जाते. हा ताण म्हणजेच कडकपणा. या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात.

तापवताना नेमकं कधी थांबायचं, हे लोहार रंगावरून ओळखतो. म्हणून लोहारसाळ अंधारी असते. उन्हात रंग फसवतो. नव्या माणसानं जवळ लोहचुंबक ठेवावं. सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. तिथून आणखी थोडं पुढे, डाळिंबी रंग उजळून शेंदरीकडे झुकू लागेपर्यंत तापवायचं. याहून जास्त नाही. अति तापलं तर धातूचे कण मोठे होतात आणि पातं बिस्किटासारखं मोडतं.

शब्द पाण्याचा असला तरी असं पातळ पातं साध्या पाण्यात बुडवू नये. पाणी इतक्या झपाट्यानं उष्णता ओढतं की पात्याचा पातळ भाग आधी थंड होतो आणि जाड भाग मागे राहतो. मार्टेन्साइट मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतं, त्यामुळे दोन्ही भाग एकमेकांना ओढतात. मग टिंग असा बारीक आवाज येतो. तो ऐकला की दिवसभराचं काम वाया गेलं हे समजावं. कमानीच्या पोलादाला तेल पुरतं. शेंगदाण्याचं तेल चांगलं, आणि तेही ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केलेलं. गार तेल दाट असतं, पात्याभोवती हळू फिरतं. कोमट तेल पातळ होतं आणि उष्णता लवकर वाहून नेतं. थंड करण्यासाठी आधी गरम करायचं, हे ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे. तेल लोखंडी डब्यात ठेवायचं, त्याला घट्ट झाकण हवं आणि जवळ पाण्याचा थेंबही नको. पातं टोकाकडून सरळ खाली घालायचं आणि धारेच्या दिशेनंच पुढेमागे हलवायचं. आडवं हलवलं तर ते वाकतं.

बाहेर काढल्यावर धारेवर कानस फिरवून बघा. काचेवरून घसरावी तशी ती घसरली, तर पाणी बसलं. पण या क्षणी पातं धोक्याचं असतं, कारण ते कडक आहे आणि फक्त कडकच आहे. तासाभरात त्याला बेताची ऊब द्यायलाच हवी. पृष्ठभाग घासून चकचकीत करायचा आणि २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवायचं. निवू द्यायचं, मग पुन्हा दोन तास. अडकलेल्या कार्बनपैकी थोडा सुटतो, ताण सैल होतो, थोडा कडकपणा जातो आणि त्या बदल्यात चिवटपणा येतो. चकचकीत लोखंडावर वाळलेल्या कडब्याचा फिका पिवळा रंग चढतो. हा रंग प्रकाशाचा खेळ आहे. ऑक्साइडचा अतिशय पातळ थर जसजसा जाड होतो तसतसा पिवळा, तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा दिसतो. सुरीला पिवळ्यावर थांबवायचं. निळ्यावर गेलं तर पातं पुन्हा कमानीसारखं लवचीक होईल, धारेसाठी मात्र निरुपयोगी.

इथे पोलादाचा मध्य गाठला गेला. यापुढे पात्याला आग दाखवायची नाही. भरधाव ग्राइंडरवर घासताना धारेजवळ निळा ठिपका दिसला, तर तेवढ्या जागेचं पाणी उतरलं म्हणून समजा.

नळीला दोन महिने द्या

हाड पात्यानंतर जोडायचं असलं तरी त्याचं काम मात्र पात्याच्या दोन महिने आधी सुरू होतं. ताजी नळी परवानाधारक कत्तलखान्यातलीच घ्यावी. दोन्ही टोकं कापून मज्जा काढायची आणि मंद गरम पाण्यात भांडी धुण्याचा साबण घालून मांसाचे धागे सुटेपर्यंत ठेवायची. खळखळा उकळायची नाही. पायाचं सूप थंड झालं की थिजतं, हे सगळ्यांना माहीत आहे. जे थिजतं ते हाडातून आणि कातडीतून सुटलेलं कोलॅजन. सुतार ज्या सरसानं लाकूड चिकटवत तो सरसही असाच उकळून काढतात. हाड तासन्‌तास उकळलं तर त्याचा चिवटपणा भांड्यात उतरतो आणि हातात उरतो खडू.

यानंतर चरबी काढायची. ती घाईनं निघत नाही. साबणाचं पाणी आठवड्यातून दोनदा बदलत तीन-चार आठवडे हाड बुडवून ठेवलं की हळूहळू तवंग येणं थांबतं. चरबी आत राहिली तर वर्षभरानं मुठीवर पिवळे, तेलकट डाग फुटतात आणि गोंद सुटतो. पांढरेपणासाठी औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड पुरतं. कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच वापरू नये, ते कोलॅजन खातं. शेवटी महिनाभर सावलीत वाळवण. उन्हात टाकलं की बाहेरचा थर आतल्या थराच्या आधी आकसतो आणि लांबीच्या दिशेनं उभी चीर जाते. मीही पहिली नळी एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवली होती. संध्याकाळी ती दोन ठिकाणी फुटलेली मिळाली. तो तुकडा मी अजून जपून ठेवला आहे.

वाळलेलं हाड शेगड्यात अलगद धरायचं, जबड्यांवर चामड्याचे तुकडे ठेवून. करवतीनं नळीची सपाट भिंत लांबीच्या दिशेनं उतरवायची आणि काचेवर पसरलेल्या पॉलिश पेपरवर घासून एक बाजू पूर्ण सपाट करायची. घासताना हाड मधूनमधून पाण्यात बुडवत राहावं. एक तर ते तापत नाही. दुसरं म्हणजे भुकटी उडत नाही, आणि ती फुप्फुसात जाऊ द्यायची नसते. तोंडावर चांगला मास्क हवाच. जनावराच्या कच्च्या हाडातून आणि लोकरीतून काळपुळीचा म्हणजे अँथ्रॅक्सचा संसर्ग झाल्याचा इतिहास आहे. म्हणूनच हाडाचा उगम माहीत असावा लागतो.

घासताना वासावर लक्ष ठेवावं. केस जळाल्यासारखा वास आला की हात थांबवायचा. कोलॅजन जळू लागलं आहे. ड्रिल सावकाश चालवायचं, टोक धारदार हवं आणि खाली लाकडाचा तुकडा हवा, नाहीतर भोक बाहेर पडताना हाडाचा कपचा उडतो.

रंग हवा असेल तर चहाचा दाट काढा उत्तम. चहातलं टॅनिन कोलॅजनला धरून बसतं. चांभाराच्या हौदात कातडं कमावताना हेच घडतं. हाड चहाच्या कोमट काढ्यात दोन दिवस ठेवलं की मधासारखा रंग येतो आणि नलिकांच्या रेषा गडद होऊन उठून दिसतात. शेफील्डमध्ये हाडाच्या मुठींवर बारीक खाचा पाडून त्यांना हरणाच्या शिंगासारखं रूप देत आणि मग रंगवत. तो खडबडीतपणा ओल्या हातातही पकड देतो.

चामड्याचा पातळ थर

पातं तयार आहे, हाडाच्या पट्ट्या तयार आहेत. आता त्यांना एकत्र आणायचं.

पूर्वी भारतीय तलवारींची शेपटी धातूच्या मुठीत लाख ओतून बसवत. लाख तापवून पातळ करायची, मूठ भरायची, शेपटी आत घालायची, की निवल्यावर घट्ट. युरोपातल्या हाडाच्या मुठीच्या सुऱ्यांतही राळ वापरत. तिथल्या घरांमध्ये नोकरांना सांगितलेलं असे की सुरी धुताना मूठ गरम पाण्यात घालू नका, नाहीतर राळ सुटेल. आज दोन भागांचं अरल्डाइट किंवा तत्सम इपॉक्सी वापरतात. हळू सुकणारं घ्यावं, चोवीस तासांचं. दोन्ही पृष्ठभाग खरखरीत करून, स्पिरिटनं पुसून मगच लावायचं.

हाड आणि पोलाद यांच्या मधे चामड्याचा किंवा व्हल्कनाइझ्ड फायबरचा एक पातळ थर ठेवतात. तो शोभेसाठी आहे असं अनेकांना वाटतं. त्याचं काम वेगळं आहे. हाड हवेतलं पाणी शोषतं, फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. पोलाद तसं करत नाही. मधला मऊ थर हा फरक सोसून घेतो. त्याच कारणानं हाडातलं भोक पितळी पिनेपेक्षा केसभर मोठं ठेवतात.

क्लॅम्प फार आवळू नये. जास्त दाबलं की सगळा गोंद बाहेर येतो आणि सांध्यात काहीच उरत नाही. दुसऱ्या दिवशी पितळी पिनांची डोकी ठोकून पसरायची, पण लोखंडी पाट्यावर रिबीट बसवतात तसं नाही. हलक्या हातोडीनं, टिचकी मारावी तसं, चारी बाजूंनी थोडं थोडं. एकच जोरदार ठोका आणि भोकापासून कडेपर्यंत चीर. मुठीच्या पुढच्या तोंडाशी पितळेची एक पट्टी बसवली तर उत्तम. हाडाचं सगळ्यात नाजूक टोक तिच्या आड सुरक्षित राहतं आणि कापताना बोट सरकून धारेवर जात नाही.

मूठ घडवताना हातात धरून बघत राहावं. तळहाताच्या पोकळीत बसेल असा मधे किंचित फुगीर आकार, करंगळीजवळ थोडा उतार. पॉलिश पेपर १२० पासून २००० पर्यंत चढवत न्यावा आणि शेवटी मऊ कापडानं घासावं. हाडाला वेगळं पॉलिश लागत नाही. त्याच्या घट्ट बांध्यामुळे नुसत्या घासण्यानंच ओल्या खडूसारखी मंद झळाळी येते. वरून मधमाशीचं मेण. खोबरेल तेल लावू नये, ते कालांतरानं खवट होतं आणि हाड पिवळं पाडतं.

शेवटी धार

धार सगळ्यात शेवटी, आणि ग्राइंडरवर नाही. दगडावर, पाणी शिंपडत. आता एका टोकाला पाणी बसलेलं पातं आहे आणि दुसऱ्या टोकाला हाड. उष्णता दोघांनाही नको. आधी जाड कणाचा कुरुंदाचा दगड, मग बारीक. पातं दगडाशी साधारण २० अंशांचा कोन करून सरकवत राहायचं. एका बाजूनं घासलं की दुसऱ्या बाजूला बोटाला जाणवेल अशी बारीक मुरड येते. ती सगळ्या लांबीवर आली की बाजू बदलायची. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलटं ओढून मुरड काढून टाकायची. पिकलेला टोमॅटो वजन न देता कापला गेला, की झालं.

हे पातं गंजतं, कारण ते स्टेनलेस नाही. ज्या घरात जुनी लोखंडी विळी आहे तिथे हे नव्यानं सांगायला नको. कांदा, चिंच, कैरी कापली की पातं आधी निळसर आणि मग काळपट होतं. तो रंग काढू नये. तो लाल गंजाला काही प्रमाणात अडवतो. काम झालं की लगेच धुवायचं, पुसायचं आणि उभं ठेवायचं. मूठ पाण्यात बुडवून ठेवायची नाही, डिशवॉशरमध्ये तर मुळीच नाही.

वर्षभर वापरल्यानंतर एक गोष्ट जरूर करावी. आषाढात पाऊस लागून हवा ओली झाली की अंगठ्याचं नख मुठीच्या कडेवरून, हाड आणि पोलाद जिथं मिळतात त्या रेषेवरून फिरवावं. हाड पोलादापेक्षा केसाइतकं वर आलेलं जाणवतं. तेच नख पुन्हा चैत्रात फिरवावं. आता हाड किंचित खाली बसलेलं असतं आणि पोलादाची कड नखाला लागते. सुरीत काही बिघडलेलं नाही. नदीकाठच्या चिखलात उभ्या असलेल्या जनावराच्या पायात ही नळी होती तेव्हा तिला ओल माहीत होती आणि ती अजून तिला विसरलेली नाही. म्हणून आपण भोक केसभर मोठं ठेवलं होतं आणि मधे चामडं घातलं होतं. त्या दोन्ही ठिकाणी नीट जागा सोडली असेल, तर मूठ दर पावसाळ्यात अशी फुगेल, दर उन्हाळ्यात आकसेल आणि पिना जागच्या जागी राहतील.